ग्रामपंचायत, नगरपालिकेतून कागद कसा काढायचा: प्रश्न विचारू नका, कागद मागा

गावात गटार झाली, बिल निघालं, पहिल्याच पावसात काँक्रीट उखडलं. मग कोणीतरी तावातावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो की "सदर काम निकृष्ट का झाले? याला जबाबदार कोण? कारवाई का केली नाही?" महिनाभराने एका ओळीचं पत्र येतं, "मागणी केलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही", आणि गडी सगळ्या गावाला सांगत फिरतो की हा कायदाच बोगस आहे. आता खरं सांगायचं तर भो, ते पत्र चिडवणारं असलं तरी कायद्यात बसतं. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मध्ये माहिती म्हणजे ऑफिसात आधीपासून कागदावर किंवा कॉम्प्युटरवर असलेली गोष्ट. 'का' याचं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही हे मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने 2008 ला सांगून टाकलंय, आणि नवीन माहिती तयार करून द्यायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 ला. म्हणून 'निकृष्ट का झालं' हे विचारायचंच नाही. त्या कामाचं इस्टिमेट, मोजमाप पुस्तिका आणि बिल मागायचं. का ते आपल्याला आपोआप कळतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत नियम एकच आहे, म्हणून खाली जे सांगतोय ते पारोळ्यालाही चालेल आणि धडगावलाही.

अर्जाच्या आधी: जे उघडं आहे ते आधी बघा

बऱ्याच गोष्टींसाठी दहा रुपये पण घालायची गरज नसते. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा किती पैसा आला आणि कशावर गेला हे ई-ग्रामस्वराजच्या साईटवर मोबाईलवर दिसतं, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत जायचं, आराखड्यात कोणती कामं धरली आणि कोणत्या कामाचं पेमेंट कधी सुटलं ते निघतं. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 पासून 60 टक्के पैसा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, बाकी 40 टक्के अबंधित, त्यामुळे 'पैसाच नाही' असं कोणी म्हटलं तर कोणत्या खात्यातला नाही हे विचारता येतं. रोजगार हमीचे मस्टर पण ऑनलाईन आहेत, कोणाच्या नावावर किती दिवस भरले ते बघा एकदा, गावातल्या ज्यांनी जन्मात टोपली उचलली नाही अशांची नावं दिसली तर दचकू नका.

दुसरं म्हणजे कलम 4. प्रत्येक ऑफिसने 17 बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते, ऑफिसात लोक त्याला 'सतरा मुद्दे' म्हणतात. त्यात बजेट, कर्मचाऱ्यांचे पगार, माहिती अधिकाऱ्याचं नाव आणि अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी पण येतात. ग्रामपंचायतीत ही फाईल मागितली की बहुतेक वेळा समोरचा तुमच्याकडे असं बघतो की जणू तुम्ही त्याच्या शेताचा उतारा मागितला. तरी मागा. नसेल तर 'कलम 4 अन्वये तयार केलेली 17 बाबींची प्रत' हाच पुढच्या अर्जाचा विषय होतो.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर 2018 मध्ये जीआर काढलाय की जिल्हा आणि त्याखालच्या ऑफिसांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 लोकांना रेकॉर्ड बघू द्यायचं, सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जीआरची प्रिंट खिशात ठेवून जा, कारण टेबलावरच्या माणसाने तो वाचलेला असेलच असं नाही.

आणि एक फरक लक्षात ठेवा. तुम्हाला स्वतःच्या घराच्या कर आकारणीचा नमुना 8 चा उतारा, जन्म-मृत्यू दाखला, विवाह नोंदणी असं काही पाहिजे असेल तर माहिती अधिकार लावू नका, ती सेवा आहे, त्याला 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, 'आपले सरकार'वर अर्ज करा, मुदत कमी असते आणि काम लवकर होतं.

कागद नेमका कोणाच्या कपाटात आहे

सगळ्यात जास्त अर्ज इथे वाया जातात. काम गावात झालं म्हणजे कागद ग्रामपंचायतीत असेलच असं नसतं. ग्रामपंचायतीने स्वतः केलेलं काम असेल तर ठराव, कॅशबुक, बिल, धनादेश तिथेच. पण मोजमाप करणारा शाखा अभियंता पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात बसतो, त्यामुळे मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, बऱ्याचदा तिकडे सापडते. पाण्याची टाकी, नळयोजना असेल तर जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. आमदार निधीतला सभामंडप असेल तर तो कोणत्या यंत्रणेकडून करून घेतला ते कामाच्या बोर्डावर लिहिलेलं असतं, बोर्डाचा फोटो काढून घ्या. बोर्डच नसेल तर तो पण एक मुद्दा झाला.

ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता सरकारने 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलंय. नगरपालिकेत आणि जळगाव, धुळ्यासारख्या महापालिकांत प्रत्येक विभागाचा वेगळा माहिती अधिकारी असतो, म्हणजे जळगावात सतरा मजलीत, महापालिकेच्या इमारतीत, गेलात तर आधी बांधकाम का, आरोग्य का, नगररचना का हे ठरवून जा, नुसतं 'महानगरपालिका' म्हणून अर्ज टाकला की तो मजल्या-मजल्यावर फिरतो. पण चुकीच्या ठिकाणी गेला तरी घाबरायचं काम नाही. कलम 6(3) प्रमाणे त्यांनी 5 दिवसांत तो योग्य ऑफिसला पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. 'आमच्याकडे नाही, तिकडे जा' असं सांगून अर्ज परत करता येत नाही.

अर्ज लिहायचा कसा

महाराष्ट्रात नमुना ठरलेला आहे, जोडपत्र 'अ'. झेरॉक्सच्या दुकानात छापील मिळतो, नाही मिळाला तर कोऱ्या कागदावर तेच मुद्दे लिहा. 2012 पासून राज्याच्या नियमात दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. लोक याला वैतागतात पण मला विचाराल तर ही अट आपल्याच फायद्याची आहे, कारण पाच विषयांची खिचडी केलेल्या अर्जाला उत्तर पण खिचडीच येतं. अर्ज स्वतःच्या नावाने करा, मंडळाच्या किंवा संघटनेच्या लेटरहेडवर नको, हा हक्क नागरिकाला आहे. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि 'भ्रष्टाचार उघड करण्यासाठी' वगैरे तर चुकूनही लिहू नका, समोरचा आदल्या दिवशीच सावध होतो.

गटारीचंच उदाहरण घेऊ. विषय, कालावधी, तपशील असं तोडून लिहायचं:

माहितीचा विषय: वॉर्ड क्र. 2 मधील मारुती मंदिर ते जि. प. शाळा काँक्रीट गटार बांधकाम.
कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025.
तपशील: वरील कामाच्या पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यता. अंदाजपत्रक. कार्यारंभ आदेश. मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने. अदा केलेली बिले व प्रमाणके. काम पूर्णत्वाचा दाखला. तसेच या कामाची संपूर्ण नस्ती टिप्पणीसह प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिवस व वेळ कळवावी. एखादा कागद आपल्या कार्यालयात नसल्यास कलम 6(3) प्रमाणे अर्जाचा तो भाग संबंधित कार्यालयाकडे वर्ग करावा.

बस. यात एकही प्रश्नचिन्ह नाही. 'सर्व माहिती द्यावी', 'आजपर्यंतचा संपूर्ण खर्च' असे शब्द टाळा, काळ आणि काम नावानिशी बांधून टाका. ग्रामपंचायतीचे सगळे रजिस्टर नमुन्यांच्या नंबरने चालतात, तो नंबर लिहिला की टोलवाटोलवी निम्मी कमी होते: नमुना 5 म्हणजे कॅशबुक, नमुना 8 कर आकारणी, नमुना 9 कर मागणी. ग्रामसभेचं म्हणाल तर 'प्रोसिडिंग बुकातील अमुक तारखेच्या सभेची पाने, हजेरीच्या सह्यांसह'. त्या सह्यांत कधी कधी वारलेले लोक पण हजर असतात.

त्या अर्जातलं शेवटून दुसरं वाक्य, फाईल बघायचं, ते कधीच सोडू नका. पाहणी हा कलम 2 मधलाच हक्क आहे, टिपणं काढता येतात, सामानाचे नमुने पण मागता येतात. पहिल्या तासाला पैसे नाहीत, पुढे किरकोळ फी. आधी फाईल बघून मग नेमकी पानं मागितली की चारशे पानांचे आठशे रुपये भरायची वेळ येत नाही.

फी आणि पोच

अर्जाची फी 10 रुपये. सगळ्यात सोपा म्हणजे कोर्ट फी स्टॅम्प, तहसील नाहीतर कोर्टाच्या आवारात स्टॅम्प व्हेंडरकडे मिळतो, अर्जावर चिकटवायचा. रोख भरली तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडायची. प्रतीला पानामागे 2 रुपये. राज्याच्या आरटीआय ऑनलाईन साईटवर तुमचं ऑफिस यादीत दिसत असेल तर घरबसल्या पण होतं, पण ग्रामपंचायतीसाठी कागदच बरा.

आता खरा खेळ पोचेचा. तुम्ही ग्रामपंचायतीत जाता, ग्रामसेवकाकडे तीन गावांचा चार्ज, तो आज दुसरीकडे, शिपाई म्हणतो ठेवून जा. ठेवून जायचं नाही! दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, सही, शिक्का. आणि कोणी आपुलकीने म्हणेलच, "आप्पा, तुमले इतला कागदस्नं काय करनं शे? काय पाहिजे ते तोंडी सांगा ना." चहा घ्यायचा, हसायचं, अर्ज द्यायचा. घेतच नसतील तर वाद घालत बसू नका, पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिळवून टाकलंय, म्हणून स्पीड पोस्टच करा आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, नंतर तो दिसेनासा होतो.

तीस दिवस

अर्ज पोचल्यापासून 30 दिवस. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास, पण गटारीला ते लावायला जाऊ नका. या 30 दिवसांत बहुतेक एक पत्र येतं की 'इतकी पाने, इतके रुपये भरा'. यात दोन गोष्टी बघा. एक, हिशेब लिहिला आहे का, किती पानं आणि दर काय. दोन, पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून पत्र आलं की आळस नको. आणि मुदत उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम 7(6) दाखवा, मुदतीत दिली नाही तर माहिती फुकट द्यावी लागते.

फाईल बघायला जाताना एकटे जाऊ नका, जमलं तर एखादा गवंडी किंवा ठेकेदाराकडे काम केलेला पोरगा सोबत घ्या. एमबीच्या पानावर कामाचा प्रकार, लांबी, रुंदी, जाडी आणि गुणाकार असतो. समजा काँक्रीट रस्त्याची नोंद आहे 120 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 0.15 मीटर जाड, म्हणजे 54 घनमीटर. हे टिपून घ्यायचं आणि संध्याकाळी टेप घेऊन रस्त्यावर जायचं. रस्ता 105 मीटरच भरला तर काँक्रीट होतं 47.25 घनमीटर, म्हणजे पावणेसात घनमीटरचं बिल हवेत गेलं. जाडी तर कडेला उखडलेल्या ठिकाणी पट्टी लावली तरी दिसते. आणि तारखा बघा: कार्यारंभ आदेशाच्या आधीचं बिल, सुट्टीच्या दिवशीचं मोजमाप, एकाच दिवशी चार गावांतली मोजमापं, असं काय काय निघतं. एकच गटार दोन वेगवेगळ्या निधीतून दाखवली आहे का हे तपासायला शेजारच्या वर्षाच्या कामांची यादी पण बघून घ्या, माझ्या मते खरी भानगड बहुतेक वेळा तिथेच असते आणि लोक तिथेच बघत नाहीत.

नाही म्हटलं तर

नकाराची वाक्यं ठरलेली आहेत.

'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे.' कलम 7(9) नुसतं कोणत्या स्वरूपात द्यायची त्याबद्दल आहे, नाकारायचं कारण ते नाही. प्रत्यक्ष पाहणी मागा, विषय संपला.

'ठेकेदाराची माहिती आहे, त्रयस्थ पक्ष.' त्रयस्थाला विचारावं लागतं, पण त्याने नाही म्हटलं म्हणून आपोआप नाकारता येत नाही, निर्णय अधिकाऱ्याने घ्यायचा. सरकारी पैशाने दिलेलं बिल हे धंद्याचं गुपित कसं काय होईल?

'व्यक्तिगत माहिती आहे.' हे जरा नीट वाचा, कारण इथे कायदा बदललाय. कलम 8(1)(ञ) पूर्वी असं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणात विनाकारण घुसणारी माहितीच नाकारता यायची. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा 2023 ने ते कलम छाटलं आणि नोव्हेंबर 2025 पासून तिथे फक्त 'व्यक्तिगत माहिती' एवढंच उरलं. मला हा बदल अजिबात पटलेला नाही, पण आहे ते आहे. उपाय दोन. कलम 8(2) अजून जिवंत आहे, जनहित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, ते अपिलात लिहायचं. आणि घरकुल, विहीर, शौचालय अशा अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कलम 4(1)(ख) प्रमाणे ऑफिसने स्वतःच जाहीर करायचा आहे, म्हणून यादी मागताना त्या कलमाचं नाव घ्या. आधार नंबर, बँक खातं, मोबाईल मागू नका, त्याची गरज पण नसते. कलम 10 प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकी कागद देता येतो.

'अभिलेख सापडत नाही.' हे सगळ्यात लाडकं. सापडत नाही ही सूट कायद्याच्या कलम 8 मध्ये कुठेच नाही. अपिलात मागणी करा की शोध घेऊन लेखी कळवा, कागद कधी, कोणाच्या ताब्यात होता आणि चार्ज देताना यादीत होता का. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 खाली रेकॉर्ड गहाळ करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. हे लेखी आलं की हरवलेली फाईल बऱ्याचदा कुठल्यातरी गठ्ठ्यात सापडते.

अपील

तीस दिवसांत काहीच आलं नाही तरी तो नकारच समजतात. त्यानंतर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ग्रामपंचायतीचं अपील पंचायत समितीत जातं, पालिकेचं त्याच पालिकेतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, नाव बोर्डावर असायला पाहिजे. अपिलात भाषण नको. अर्जाची तारीख, काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं, कोणतं कलम. सुनावणीला बोलावलं तर जाच, कारण बरंचसं काम तिथेच तुटतं, ग्रामसेवकाला साहेबासमोर उभं राहायचं नसतं आणि आदल्या दिवशी फोन येतो की कागद घेऊन जा. निकालाला 30 दिवस, लांबलं तर कारण लिहून 45.

तिथेही नाही झालं तर 90 दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र 'क', पुन्हा 20 रुपये. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ. इथे तारीख लागायला खूप वेळ जातो हे आधीच मनाशी धरा, म्हणूनच पहिल्या अपिलात जीव ओता. पण आयोगापुढे एक गोष्ट आपल्या बाजूची असते, नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते, आपल्यावर नाही. विनाकारण उशीर केला असेल तर दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. कलम 18 खाली नुसती तक्रारही करता येते, पण तक्रारीतून दंड होतो, कागद मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. कागद पाहिजे असेल तर अपीलच.

गावात राहून हे करायचं म्हणजे

सरपंच भावकीतला, ठेकेदार सरपंचाचा साडू, आणि ग्रामसेवक रोज नमस्कार घालतो. अर्ज पडला की संध्याकाळपर्यंत नाव गावभर होतं. म्हणून अर्ज दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या विषयांवर टाकावे, एकाच माणसावर रोख राहत नाही. 'मागे घ्या, बसून मिटवू' असा निरोप आला तर लेखी काहीच देऊ नका. धमकी आली तर पोलिसांत लेखी द्या आणि त्याची पण पोच घ्या. आणि कागद मिळाल्या मिळाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बोंबलू नका, आधी नीट वाचा, मोजा, कारण आकडा एकदा चुकीचा टाकला की मग खरा आकडा पण कोणी ऐकत नाही.

साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) गावांत आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तर ग्रामसभेलाच जास्त अधिकार आहेत. तिथे पेसाचा 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो, त्याचा खर्च आणि त्याचा ग्रामसभेचा ठराव दोन्ही सोबत मागा, कारण ठराव एका कामाचा आणि खर्च दुसऱ्याच कामावर असं झालं असेल तर ते दोन कागद शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

फरक सापडला की सगळ्या साक्षांकित प्रती लावून गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, प्रत जिल्हा परिषदेच्या सीईओला, पालिकेचं असेल तर मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी. तक्रारीत सरळ लिहा: एमबी पान अमुक, नोंद 120 मीटर, जागेवर 105 मीटर, तुमच्या अभियंत्याने गावकऱ्यांसमोर फेरमोजणी करावी. आणि महिनाभर थांबून त्याच तक्रारीवर काय काय झालं, त्या फाईलची टिप्पणी आणि पत्रव्यवहार, याचा पुढचा अर्ज टाका. दहा रुपयांचाच आहे तो.